‘उजळणी’च्या नोंदी: बडोदा, पावसाळा २०२५

रविवार, ८ जून २०२५

धाकट्या भावाची बदली पुण्याला झाली. गणपती उठले की दोघं निघणार. भावजय गुजराती, इथलीच, कारेलीबागेतली. लग्नाला चार वर्षं झाली, पण घरात आम्ही सगळेच तिच्याशी गुजरातीत बोलतो, त्यामुळे तिला मराठीची गरजच पडली नाही. काल जेवताना म्हणाली, “दादा, मने मराठी शीखवाडो ने. त्यां तो शाकवाळी पण मराठी बोलशे.”

आधी तयार काही मिळतं का ते पाहिलं. ड्युओलिंगोवर हिंदी आहे, मराठी नाही. एप्रिलअखेरीस त्यांनी एकदम १४८ नवे कोर्स जाहीर केले, त्यांतही नाही. बाकीची ॲपं इंग्रजीतून शिकवतात आणि सगळी सफरचंदापासून सुरू होतात. सफरजनवरून सफरचंदाकडे जायला तिला शिकवणी कशाला? ती अडते ‘पाणीत’ आणि ‘पाण्यात’ ह्यांच्या मध्ये.

तेव्हा घरचंच करायचं ठरवलं. एका बाजूला गुजराती वाक्य, तिनं मराठीत टाइप करायचं, खाली आत्याच्या आवाजात बरोबर उच्चार. प्रोग्राम पायथन भाषेत, माहिती साठवायला एसक्यूलाइट, आणि फोनवर उघडेल असं एक साधं पान. नाव ‘उजळणी’. रोज रात्री जेवणानंतर तास, दीड तास, त्याहून जास्त नाही. बायकोनं तास ह्या शब्दावर जोर देऊन पुन्हा म्हणून दाखवलं.

गुरुवार, १२ जून

दुपारी अहमदाबादला विमान पडलं. ऑफिसात कुणाचंच लक्ष कामात नव्हतं. आज काही लिहिलं नाही.

शनिवार, १४ जून

कुठला शब्द परत कधी विचारायचा, त्याचं वेळापत्रक झालं. नवं डोकं लावलं नाही. पिओत्र वोझ्नियाकची १९८७ ची एसएम-२ पद्धत घेतली. शब्द जमला की दुसऱ्या दिवशी विचारायचा, मग सहा दिवसांनी, पुढे दर वेळी मागच्या अंतराला एका आकड्यानं गुणायचं. आकडा २.५ पासून सुरू होतो, शब्द जड गेला की उतरतो, पण १.३ च्या खाली जात नाही. सहाचे पंधरा, पंधराचे सदतीस-अडतीस दिवस. चुकला की पुन्हा एकपासून. गणपतीपर्यंतच्या बारा आठवड्यांत एकेक सोपा शब्द चारदा समोर येईल, तेवढं पुरे.

हे सगळं एआयकडून लिहून घेतलं. दहा मिनिटं लागली. फेब्रुवारीत एआयवाल्या आंद्रे कार्पाथीनं ह्याला ‘व्हाइब कोडिंग’ म्हटलं, तेव्हापासून ऑफिसातली नवी पोरं कोड वाचायचंच सोडून बसली आहेत. मी अजून वाचतो, पण जो कोड जगात हजारदा लिहून झालाय तो हजार एकाव्यांदा टाइप करण्यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही.

उरलं एक फंक्शन: तिनं लिहिलेलं उत्तर बरोबर आहे का? दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या दोन माळा, सारख्या आहेत का एवढंच बघायचं, एक ओळ. उद्या सकाळी चहाआधी होईल.

रविवार, १५ जून

झालं नाही.

भावजयीच्या फोनवर गुजराती कीबोर्ड आहे आणि तो बदलायची तिची तयारी नाही. (बरोबरच आहे. भाषा शिकायला निघालेल्या माणसाला आधी कीबोर्ड शिकायला लावणारा मी कोण?) पण इथे एक गंमत कामाला आली. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं भारतीय लिप्यांचे तक्ते इस्की ह्या जुन्या भारतीय पद्धतीवरून घेतले, त्यामुळे ते एकाच साच्यातले आहेत. गुजराती क आणि देवनागरी क ह्यांच्या क्रमांकांत बरोबर ३८४ चा फरक. ख, ग, ळ, काना, मात्रा, सगळ्यांत ३८४. म्हणजे तिनं गुजरातीत लिहावं, मी प्रत्येक अक्षरातून ३८४ वजा करावेत, की देवनागरी तयार. एका ओळीचं लिप्यंतर! मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आणि परत झोपली.

दुपारी पहिलं भोक सापडलं. तिनं गुजरातीत ‘ॲप’ लिहिलं, इकडे ‘ऍप’ आलं. तक्त्यात त्या जागी हिंदीवाल्यांचा चंद्रवाला ए आहे. मराठीचा अ वर चंद्र असलेला ॲ युनिकोडमध्ये बराच उशिरा, २००८ मध्ये आला आणि त्याला जागा मिळाली पार शेवटच्या रांगांत. दुसरं भोक जास्त मोठं आहे. ‘दऱ्या’मधला र, तो आडवा रफार, ज्याच्यासाठी मराठीनं वेगळा ऱ ठेवलाय, त्याच्या समोरची गुजराती चौकट रिकामी आहे. तिच्या कीबोर्डवर तो नाहीच. ती बिचारी ‘दर्या’ लिहिणार, आणि मी डोंगरातल्या दऱ्या विचारल्या तर ती समुद्र घेऊन येणार.

मंगळवार, १७ जून

हा ऱ साधा प्राणी नाही. माझ्याकडच्या कार्डांतच (एक प्रश्न आणि त्याचं उत्तर म्हणजे एक कार्ड) तो दोन प्रकारांनी आलाय. मी लॅपटॉपवर टाइप केलेला: ऱ आणि हलन्त. आत्यानं फोनवरून पाठवलेला: साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही ‘सुऱ्या’ हुबेहूब सारख्या, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, लावलं तर र आणि नुक्ता (खालचं टिंब) वेगळे लिहिलेले एकत्र येतात, पण ह्या अदृश्य जोडकाला ते हात लावत नाही. अ+चंद्र आणि ॲ ह्यांनाही ते एक मानत नाही. दोन्हींसाठी स्वतःचा नियम लिहिला.

चहाआधीच्या एका ओळीच्या अकरा झाल्या.

शनिवार, २१ जून

दांडिया बाजारात आत्याकडे रेकॉर्डिंग. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मराठी माध्यमाच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलेली. तिचा जन्म गायकवाडांच्या संस्थानातला. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई प्रांतात गेलं, म्हणून शाळा मुंबई राज्यातली. १ मे १९६० नंतरचं सगळं गुजरातेतलं, त्यात नोकरी आली आणि पेन्शन. घर मात्र तेच, झोपाळाही तोच.

झोपाळ्याचीच अडचण झाली. आत्या खुर्चीवर बसून बोलायला तयार नाही, आणि झोपाळ्यावर बसली की पाय आपोआप ठेका धरतो. प्रत्येक शब्दामागे कुर्र. शंभर शब्द, शंभर कुर्र. घरी येऊन आवाज साफ करायचं फिल्टर लावलं तर कुरकुर गेली, आणि तिच्याबरोबर श आणि स सुद्धा निम्मे गेले. ‘शिस्त’ ऐकू येईना. शब्दांच्या पुढची-मागची शांतता आपोआप कापायला लावली, तर ‘पाच’चं ‘पा’ झालं, कारण शेवटच्या च आधी तोंड क्षणभर बंद होतं आणि प्रोग्रामला वाटलं, माणूस बोलायचा थांबला. शेवटी सगळं मूळचं होतं तसं ठेवलं. कुर्र राहू दे.

आत्यानं कार्डं वाचता वाचता तपासलीही. लाल पेन बरोबर आणलं होतं, फोनच्या पडद्यावर चालत नाही म्हणून वैतागली. पहिला आक्षेप मजकुरावर नव्हताच.

“हा ल कुणाचा रे?”

“म्हणजे?”

“हा हिंदीचा ल. आपल्या ल ला उजवीकडे उभी काठी नसते. आणि श बघ, शेंडीफोड्या नाही.”

पानावर भाषा ‘हिंदी’ अशी राहून गेली होती. ती ‘मराठी’ केली की त्याच फाँटमधून मराठी वळणाचे ल आणि श बाहेर येतात, आतच दडलेले असतात. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २००९ मध्ये ह्या वळणांचा आदेशही काढलाय. सतरा वर्षं प्रोग्रामिंग करतोय, मला तो ल कधी खटकला नव्हता.

सोमवार, २३ जून

कुठले शब्द आधी शिकवायचे हे ठरवायला आत्याच्या बोलण्यातली वाक्यं टाइप करून शब्द मोजायला लावले. पहिल्या नंबरावर ‘त’, दुसऱ्यावर ‘ह’. घोटाळा पायथनच्या शब्द शोधायच्या खुणेचा, बॅकस्लॅश डब्ल्यूचा. तिच्या लेखी अक्षर तेवढं शब्दाचं, काना-मात्रा-वेलांटी परकी. ‘किल्ली’चे तीन तुकडे झाले: क, ल, ल. ‘वडोदरा’चे दोन: वड आणि दर. ह्या गावाचं नाव वडावरूनच, वटोदरावरून आलं म्हणतात, म्हणजे मशीननं निदान व्युत्पत्ती तरी बरोबर काढली.

राग कशाचा आला तर माझ्या फंक्शनचं नाव मी हौसेनं ‘बरोबर_का’ ठेवलंय, आणि पायथन ३ ला ते २००८ पासून खुशाल चालतं. नावात मात्रा चालते, शोधात चालत नाही. एकाच घरात दोन कायदे. वेगळं ‘रेजेक्स’ नावाचं पॅकेज घेतलं, त्यात हे नीट आहे.

शुक्रवार, २७ जून

उद्यापासून भावजयीला वापरायला दिलं. ऐंशी कार्डं.

रविवार, २९ जून

संध्याकाळी मुंबईची बातमी: शाळेत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचे दोन्ही आदेश, १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा, सरकारनं मागे घेतले. फॅमिली ग्रुपवर पुण्याचे, ठाण्याचे आणि आमचे असे तीन पक्ष पडले.

माझं मत विचाराल तर, बडोद्यातल्या मराठी माणसाला ह्या भांडणाची गंमत वाटते आणि जरा हेवाही. आमच्याकडे घरात मराठी, दारात गुजराती, टीव्हीवर हिंदी, फीच्या पावतीवर इंग्रजी. माझ्या मुलीला कुठली पहिली आणि कुठली तिसरी विचारलं तर ती गोंधळेल. तिला चारही येतात आणि मराठी लिहिताना ती दर ओळीत दोन चुका करते. सहा वर्षांच्या पोराला हिंदी येईल का, हा प्रश्नच नाही, रस्त्यावर येतेच. प्रश्न आहे, शाळेतल्या आठवड्याच्या तासांतून कुणाचे तास कापणार? आमच्या अनुभवानं सांगतो, कापले जातात ते नेहमी घरच्या भाषेचे. कारण घरच्यांना वाटतं, ती काय, येतेच.

आत्याचा निकाल वेगळा. गेल्या ३ ऑक्टोबरला मराठी अभिजात झाली तेव्हा तिनं पेढे वाटले नव्हते, आताही वाटले नाहीत. “आधी पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहा म्हणावं.”

गुरुवार, ३ जुलै

भावजय जोरात. पाच दिवसांत ऐंशीपैकी बहुतेक कार्डं हिरवी. तिला काही गोष्टी फुकट मिळाल्यात, त्या हिंदीवाल्याला महिनाभर घोटाव्या लागल्या असत्या. ळ आहेच. तीन लिंगं आहेतच. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ गुजरातीत आपणे आणि अमे, त्यामुळे ‘आपण जेवूया’ आणि ‘आम्ही जेवलो’ ह्यांत ती एकदाही अडखळली नाही. चहा तेवढा सारखा बाईमाणूस होतो: चहा झाली, चहा सांडली. गुजरातीत चा स्त्रीलिंगीच.

आणि आज ऑफिसात असताना तिचा मेसेज आला, पहिला पूर्ण मराठीतला:

“दादा, तुम्ही नवरे आहात का?”

गुजरातीत नवरा म्हणजे मोकळा, काम नसलेला. मी मोकळा आहे का, हे विचारायचं होतं. भावानं स्क्रीनशॉट घेतलाय आणि आता मला रोज सकाळी तोच प्रश्न येतो. लगेच ‘फसवे शब्द’ असा नवा गठ्ठा केला. ‘खाली’ त्यात दुसरा: तिनं आत्याला फोनवर सांगितलं, चहाचा डबा खाली आहे. आत्या म्हणाली, मग वर आण.

मंगळवार, ८ जुलै

मोठी चूक सापडली आणि ती माझी आहे.

टाइप करताना बोट घसरतं, म्हणून मी पहिल्या आठवड्यातच थोडी सूट ठेवली होती. व्लादिमीर लेव्हेनश्टाइननं १९६५ मध्ये सांगितलेलं अंतर: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात. एकापर्यंत अंतर असलं की माफ. सगळं जग असंच करतं.

आज आत्याकडे सूनबाईनं निघताना सांगितलं, “आत्या, मी येतो.”

आत्या हसली नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “हे तुझ्या मशीननं शिकवलं?”

घरी येऊन भावजयीची जुनी उत्तरं उघडली. मी जातो, मी करतो, मी बसतो, मी खातो. सगळी हिरवी. कार्डावर बरोबर उत्तर ‘मी जाते’ आहे, पण जातो आणि जाते ह्यांत फरक फक्त एका मात्रेचा. अंतर एक. माफ. गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ला पुरुष नाही की बाई नाही, त्यामुळे तिचं मराठी कानावरून आलंय, आणि चार वर्षं कानावर पडलं ते नवऱ्याचं, फोनवर त्याच्या मित्रांशी चाललेलं. ती त्याचं क्रियापद उचलून घेऊन आली, आणि माझ्या प्रोग्रामनं दहा दिवस तिची पाठ थोपटली. जी चूक ती सर्वांत जास्त करते, नेमकी तीच माफीच्या यादीत. इंग्रजीत एक अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा बोट घसरलेलं असतं. आमच्याकडे त्या एका अक्षरात माणूस बदलतो, काळ बदलतो, एकाचे अनेक होतात.

सूट बंद केली. मग ‘किंमत’ऐवजी ‘कींमत’ लिहिलं म्हणून अख्खं वाक्य लाल. तेही बरोबर नाही. पुण्यातली भाजीवाली वेलांटी तपासणार नाही.

बुधवार, ९ जुलै

आज काही नाही. पाऊस, लाइट दोनदा गेली.

रविवार, १३ जुलै

आत्याबरोबर तह. दोन तास, शेव-उसळ दोनदा मागवली. (वरची तिखट तरी जास्त. तिला चालत नाही, पण सांगायचं नाही असं ठरलंय.)

माझं म्हणणं: पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार ह्यांतल्या चुका माफ. तिचं म्हणणं: माफ नाही, अर्धा मार्क कापायचा. माझं म्हणणं: माझ्याकडे मार्कच नाहीत. तिचं म्हणणं: मग कसली शाळा.

ठरलं ते असं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर उत्तर हिरवं, पण खाली बरोबर रूप ठसठशीत दाखवायचं. शब्दाच्या शेवटी ए, ओ, आ, ई ह्यांचा घोळ म्हणजे सरळ चूक, तिथे दयामाया नाही. न आणि ण चुकला तरी चूक. ह्यावर ती एक इंच हलली नाही. बाकी कुठलं अक्षर घसरलं तर पुन्हा एक संधी. प्रत्येक अक्षराच्या जोडीला वेगळी किंमत द्यावी लागली, छोटा तक्ताच झाला. त्यासाठी तिनं तिच्या आईची पदार्थांची वही काढली, का तर नियम बदलतात हे मला दाखवायला. त्यात ‘पांच वाट्या’, ‘नांव’, ‘कांहीं’. ते न उच्चारलेले अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. म्हणजे तिच्या आईचं बरोबर ते तिच्या वर्गात चूक. “मी लहानपणी एक शिकले आणि मोठेपणी दुसरं शिकवलं,” म्हणाली. तरी न आणि ण वर हलली नाही.

मग उच्चार. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळे, लिपीत एकच खूण. भावजय दोन्ही चहातल्या च सारखे म्हणते. ह्याला कोडमध्ये उपाय नाही. आत्याच्या रेकॉर्डिंगचं बटण तेवढं मोठं केलं.

रविवार, २० जुलै

गठ्ठ्याला ‘घरचं’ आणि ‘पुस्तकी’ असे दोन रकाने करावेत का, ह्यावर आठवडाभर नुसता विचार. उदाहरण ‘पोतं’. आमच्या घरी फरशी पुसायच्या फडक्याला पोतं म्हणतात, गुजराती पोतुंवरून. “पोतं मारलं का?” हे वाक्य मी जन्मापासून ऐकतोय आणि ते मराठी नाही हे मला बत्तिसाव्या वर्षी बायकोकडून कळलं, ती सोलापूरची. मी कार्डावर ‘फरशी पुसणे’ लिहिलं होतं. आत्या चिडली. “सत्तर वर्षं मी पोतं म्हणतेय, ते मराठी नाही तर मी काय बोलते?”

एवढी आवृत्त्यांची उठाठेव बडोद्याला नवी नाही. १९३१ साली इथेच ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ निघाला: राज्यकारभाराचा एकेक इंग्रजी शब्द, आणि समोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. आठ रकाने. आज आम्ही ऑफिसात ज्याला लोकलायझेशनची, म्हणजे एकेका शब्दाच्या भाषांतरांची, फाइल म्हणतो आणि ज्याच्यासाठी टूलचं वर्गणीचं बिल भरतो, तीच ही, छापील. त्यात एका खान्यात कधी दोन-तीन पर्यायही बसवलेले. मी माझ्या टेबलात ‘उत्तर’ नावाचा एकच खाना ठेवला आणि त्यात एकच स्ट्रिंग. म्हणजे चूक पहिल्या रात्रीच, टेबल आखतानाच झाली होती.

आता एका कार्डाला अनेक उत्तरं. ‘पोतं मारणे’ बरोबर म्हणून घातलं. आत्याला फोन करून सांगितलं. खूश.

शनिवार, २ ऑगस्ट

उत्तर तपासायचं काम एआयकडे द्यावं का, म्हणून दोन रात्री प्रयोग. चूक का झाली हे सांगण्यात चांगला आहे: ‘पाणीत’ला ‘पाण्यात’ का, सामान्यरूप म्हणजे काय, हे गुजरातीत नीट समजावतो. पण नवी वाक्यं करायला सांगितली की त्याचं मराठी सरकारी सूचनेसारखं होतं. ‘मी तुझ्यासाठी वाट पाहत आहे.’ असं कोण बोलतं? गुजराती माणूस सुद्धा ‘तारी वाट जोउं छुं’ म्हणतो, तिच्या डोक्यातलं उलट बरोबर येतं आणि मशीन ते बिघडवतं. समजावणी ठेवली, वाक्यं काढली. वाक्यं आत्याची.

शनिवार, ९ ऑगस्ट

परवा जीपीटी-५ हे नवं एआय मॉडेल आलं. ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नाही; एक पक्ष म्हणतो आता आपण घरी, दुसरा म्हणतो काही विशेष नाही. मी दोन्हींकडे मान हलवली. वेळापत्रकाचा कोड दहा मिनिटांत झाला आणि ‘बरोबर_का’ला दोन महिने गेले. पण ते दोन महिने कोड लिहिण्यात गेलेच नाहीत, झोपाळ्यासमोर बसण्यात गेले. ते काम कुठल्या मॉडेलकडे द्यायचं हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणपती. मखराच्या मागे वायर लपवताना आठवलं, मागच्या वर्षी ह्याच दिवसांत विश्वामित्री नदी शहरात शिरली होती. रस्त्यात मगरी, आणि आमच्या तळमजल्यावर जुना डेस्कटॉप कमरेएवढ्या पाण्यात. त्यात मुलीचे लहानपणीचे फोटो होते. तेव्हापासून तीन ठिकाणी प्रती ठेवतो. आज आत्याच्या ३१२ रेकॉर्डिंगची चौथी प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि भावजयीच्या सामानात टाकली. पुण्यात बाकी काही असो, मगरी नाहीत.

शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जन. भावजय रांगेत कुणाला तरी म्हणाली, “सरका जरा, मी येते.” मी ऐकलं. काही बोललो नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दोघं सोमवारी पुण्याला गेली. आज पुण्याहून पहिला तक्रार अर्ज, आवाजी मेसेज, दीड मिनिटाचा, सगळा मराठीत. नव्या कामवाल्या मावशींना तिनं झोकात सांगितलं, “मावशी, पोतं मारून घ्या.” मावशी म्हणाल्या, कसलं पोतं, गव्हाचं? आणि मारू कशाला? मग बराच वेळ हातवारे झाले. शेवटी मावशींनी फडकं उचलून दाखवलं. “दादा, तुमच्या मशीनमधे हिरवं होतं!”

करायचं ते:

पोतं, दोन कार्डं. एकावर ‘बडोदा’ असा शिक्का, दुसऱ्यावर धान्याचं चित्र. अशीच आणखी किती दडलीत ते शोधायचं; आत्याच्या वाक्यांतून गुजरातीशी जुळणारे शब्द बाजूला काढून बायकोला वाचून दाखवायचे, ती ज्याला हसेल त्याला शिक्का.

‘फरशी पुसणे’ आणि ‘लादी पुसणे’ दोन्ही रेकॉर्ड करून घ्यायचं. आत्याला कारण काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. रविवारी जातो, येताना शेव-उसळ नेतो.